देव्हाऱ्यातून दुकानात

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला १०२ मजले आहेत. १९३१ साली ही इमारत उभी राहिली, तेव्हा ती जगातील सर्वांत उंच होती. परंतु गेली दोन दशके इंग्रजी वाचणाऱ्या लक्षावधी मुलामुलींच्या लेखी या इमारतीला ६००वा मजलाही आहे. खालच्या द्वारपालाकडून किल्ली घेऊन उद्वाहकाने तेथे गेले की ऑलिंपस पर्वत लागतो आणि त्यावर झ्यूस, पोसायडन, हेरा, अथीना अशी सगळी ग्रीक देवमंडळी सिंहासनांवर बसलेली आढळतात. हा चमत्कार घडविला तो टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथील एका शाळामास्तराने. रिक रायर्डन हे त्यांचे नाव आणि २००५ साली प्रसिद्ध झालेले 'द लायटनिंग थीफ' हे त्यांच्या 'पर्सी जॅक्सन' मालिकेतील पहिले पुस्तक. २००९पर्यंत मूळ मालिकेचे पाच भाग पूर्ण झाले. पुढे त्यांना उपमालिका फुटल्या, २०१० आणि २०१३ साली दोन चित्रपट आले, २०२३च्या डिसेंबरात डिस्नेने दूरदर्शन-मालिकाही काढली. पुणे-ठाण्यातील इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या दप्तरांतही ही पुस्तके सहज सापडतात, आणि आईवडिलांना 'मूल निदान काही वाचते तरी आहे' याचेच समाधान असते.

हे समाधान अगदीच निराधार नाही. रायर्डन यांच्या मुलाला वाचनाची अडचण होती, एकाग्रतेचा प्रश्न होता. शाळेत मागे पडणाऱ्या त्या मुलाला झोपताना सांगितलेल्या गोष्टींतून हा पर्सी जन्मला. वाचताना ज्याच्या डोळ्यांपुढे अक्षरे नाचतात, तो मुलगा मठ्ठ नसून त्याची बुद्धी मुळात प्राचीन ग्रीक लिपीसाठी घडलेली आहे, ही कल्पना लेखकाने योजली आणि असंख्य खचलेल्या मुलांना धीर दिला. बापाने मुलासाठी केलेल्या या कामाविषयी कोणीही वाईट बोलू नये. गोष्ट रंगवून सांगण्याची हातोटीही त्यांच्यापाशी आहे. प्रश्न लेखकाच्या हेतूचा नाही. ज्यांना एका संपन्न संस्कृतीने हजार-बाराशे वर्षे हात जोडले, त्या देवांचे या पुस्तकांत नेमके काय झाले आहे आणि ते इतक्या निर्धास्तपणे का करता आले, हा प्रश्न आहे.

पोसायडन हा समुद्राचा आणि भूकंपाचा स्वामी. सुनियमच्या कड्यावरील त्याच्या मंदिराचे संगमरवरी खांब आजही दूर समुद्रातून दिसतात. रायर्डन यांच्या पुस्तकात तो बर्म्युडा चड्डी आणि रंगीबेरंगी शर्ट घालून बसलेला आहे. युद्धदेव एरीस चामडी जाकीट चढवून मोटारसायकलवर भटकतो. सर्वांत मोठी गंमत डायोनायससची. एका वनदेवतेच्या मागे लागल्याबद्दल झ्यूसने त्याला शिक्षा म्हणून लाँग आयलंडवरील मुलांच्या उन्हाळी शिबिरावर व्यवस्थापक नेमले आहे. मद्याचा हा देव मद्याला बंदी असल्यामुळे डाएट कोक पितो, पत्ते कुटतो आणि मुलांची नावे मुद्दाम चुकवून त्यांच्यावर खेकसतो. मुले खदखदून हसतात. युरिपिडीसच्या 'बाकाय' या नाटकातील डायोनायसस ज्यांनी वाचला आहे, त्यांना मात्र हसू येत नाही. थीब्जचा राजा पेन्थियस या देवाला देव मानायला नकार देतो आणि उन्मादाने झपाटलेली त्याची स्वतःची आई त्याला हातांनी फाडून काढते. भानावर आल्यावर आपल्या हातात कोणाचे शिर आहे हे तिला उमगते, तो प्रसंग वाचताना आजही अंगावर काटा येतो. माणसाच्या बुद्धीला न जुमानणारे काहीतरी या सृष्टीत आहे, त्याला नाकारले तर ते घर फोडून आत शिरते, ही त्या देवाच्या रूपाने ग्रीकांनी पाहिलेली जाणीव होती. तिचा डाएट कोक झाला!

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. ग्रीक लोक तरी आपल्या देवांना हसत नव्हते काय? हसत होते. ख्रिस्तपूर्व ४०५ साली ॲरिस्टोफेनीसच्या 'बेडूक' या प्रहसनात हाच डायोनायसस भित्रा, फजीत पावणारा, मार खाणारा म्हणून रंगमंचावर आला होता. पण तो प्रयोग कोठे झाला, हे पाहिले पाहिजे. तो झाला डायोनायससच्याच उत्सवात, जेथे त्याचा पुजारी मानाच्या आसनावर बसलेला असे, अशा नाट्यगृहात. जे प्रेक्षक हसले, तेच त्याच्या मिरवणुकीतही चालले होते. महाराष्ट्राला हे समजावून सांगण्याची गरज नाही. विठ्ठलाशी भांडणारे, त्याला चार खडे बोल सुनावणारे संत येथेच झाले. जनीबरोबर जाते ओढणारा देव येथलाच. कोकणातील दशावतारात संकासुराच्या कोट्यांवर पोट धरून हसणारे गावकरी त्याच रात्री त्याच मंदिरात नारळ ठेवतात. ही सलगी आहे, आणि सलगी ही नात्यातच होते. ज्या घरात आजोबांच्या विसराळूपणावर नातवंडे हसतात, त्या घरात आजोबा जिवंत असतात. परक्याने येऊन दिवंगत आजोबांचा कोट घालून नकला करणे ही निराळी गोष्ट झाली.

देवाला जाब विचारणेही ग्रीकांना अपरिचित नव्हते. युरिपिडीसच्याच 'आयॉन'मध्ये क्रेउसा अपोलोला त्याच्या मंदिरापुढे उभी राहून धारेवर धरते. रायर्डन यांनी हा धागा उचलला आणि त्यावर सगळी मालिका विणली. त्यांचे देव पृथ्वीवर येतात, मुले जन्माला घालतात आणि निघून जातात. मुले शिबिरात पडून राहतात, आपला बाप कोण किंवा आई कोण हे कळण्याची वाट पाहतात. ल्यूक हा खलनायक देवांवर उलटतो, तो हर्मीसने बाप म्हणून त्याची कधी विचारपूस केली नाही म्हणून. मालिकेच्या शेवटी पर्सी अमरत्व नाकारून देवांकडे मागणे मागतो, तेही हेच, की मूल तेरा वर्षांचे होईपर्यंत त्याला आपले म्हणा. वाचताना गलबलून येते, हे खरे आहे. पण हे दुःख ऑलिंपसचे नाही. मोडलेल्या घरांचे, शनिवार-रविवारी भेटणाऱ्या बापांचे, न्यायालयाने वाटून दिलेल्या मुलांचे हे दुःख अमेरिकेतले आहे. ते सांगण्यासाठी लेखकाला बेजबाबदार बाप हवे होते. जिवंत अमेरिकन बापांना नावे ठेवण्यापेक्षा बेवारस देवांना बाप करणे सोयीचे पडले.

बेवारस हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. याचा पुरावा खुद्द पहिल्या पुस्तकातच सापडतो. कायरन हा नरतुरंग गुरू पर्सीला प्रथम सांगतो की ग्रीक देव खरे आहेत, तेव्हा मुलगा साहजिकच गोंधळून ईश्वराचे काय, असे विचारतो. त्यावर कायरन ईश्वराचा प्रश्न वेगळा, तो तत्त्वज्ञानाचा, त्यात आपण शिरायला नको असे म्हणून विषय बाजूला ठेवतो आणि ग्रीक देवांकडे वळतो, ती त्या मानाने लहान बाब म्हणून. इंग्रजीत हा फरक एका मोठ्या आणि एका लहान अक्षराने दाखविता येतो. चार ओळींचा हा संवाद आहे, मुले तो ओलांडून पुढे जातात. परंतु सगळ्या मालिकेचा पाया तेथे आहे. ज्या ईश्वराची प्रार्थना अमेरिकेतील घराघरांत होते, त्याला कुंपणाआड सुरक्षित ठेवले गेले. त्याला बर्म्युडा चड्डी घातली जाणार नाही, त्याला डाएट कोक पाजले जाणार नाही. कारण त्याची लेकरे बाहेर आहेत, ती विचारतील. झ्यूसच्या बाजूने विचारणारे कोणी उरलेले नाही, निदान प्रकाशकाचा तसा हिशेब असावा.

ते उरले नाहीत, याला इतिहास आहे. ग्रीक देव म्हातारे होऊन आपोआप मेले नाहीत. ३९१ साली रोमन सम्राट थिओडोसियस याने यज्ञबली आणि मंदिरप्रवेश यांवर बंदी घातली. ३९२च्या फर्मानाने त्याच्याही पुढची पायरी गाठली. घरातल्या कुलदेवतांपुढे दिवा लावणे, धूप घालणे, हार चढविणे हासुद्धा गुन्हा ठरला. वाचकांनी क्षणभर थांबून या वाक्याचा अर्थ मनात आणावा. राजसत्ता मंदिरातून निघून माजघरापर्यंत पोहोचली होती. ५२९ साली जस्टिनियनने अथेन्समधील तत्त्वज्ञानाचे शिक्षण बंद पाडले. अथीनेच्या पार्थेनॉनचे चर्च झाले, तुर्कांच्या राज्यात मशीद झाली, १६८७ साली तुर्कांनी तेथे साठविलेल्या दारूगोळ्यावर व्हेनिसच्या तोफेचा गोळा पडून ते फुटले, आणि उरलेल्या शिल्पांपैकी बरीच लॉर्ड एल्गिनने उतरवून इंग्लंडला नेली. १८१६पासून ती ब्रिटिश म्युझियमच्या मालकीची आहेत आणि ग्रीस ती परत मागतो आहे.

तरीही या फर्मानांनी सगळेच विझले असे मात्र नाही. अथेन्सजवळच्या एल्युसिस येथे डिमीटर या धान्यमातेचे महापीठ होते. तिची कन्या पर्सेफनी हिला पाताळाचा राजा हेडीस याने पळवून नेले. आई मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्याविना तिला शोधत फिरली. शेवटी तिने धरणीचे पीक रोखून धरले, माणसे उपाशी मरू लागली, तेव्हा कोठे झ्यूसला हलावे लागले. मुलगी परत आली, पण पाताळातले डाळिंबाचे दाणे खाल्ल्यामुळे वर्षाचा काही काळ तिला तेथे जावेच लागे. या कथेवर आधारलेले गुप्त विधी एल्युसिसला हजार वर्षांहून अधिक काळ चालले. तेथे दीक्षा घेतलेल्यांना मृत्यूचे भय उरत नसे, अशी श्रद्धा होती. ३९६ साली अलारिकच्या गॉथ टोळ्यांनी ते पीठ उद्ध्वस्त केले.

आणि तरी १८०१ साली एडवर्ड क्लार्क हा इंग्रज प्रवासी एल्युसिसला पोहोचला, तेव्हा त्याला काय दिसले? गावाच्या खळ्याजवळ शेणखताच्या ढिगात मानेपर्यंत गाडलेली एक भग्न, प्रचंड स्त्रीमूर्ती होती. गावकरी नावाने ख्रिस्ती झाले होते, पण सणासुदीला तिच्यापुढे दिवा लावत. तिच्यामुळेच आपली शेते पिकतात, ती गेली तर पीक जाईल, असे ते सांगत. क्लार्कने तुर्की अधिकाऱ्याकडून परवाना मिळविला आणि लोकांच्या विरोधाला न जुमानता मूर्ती हलविली. तिला नेणारे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडाले. मूर्ती तेवढी बाहेर काढली गेली आणि केंब्रिजला पोहोचली. आज ती तेथील फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. विद्वान सांगतात की ती डिमीटरची नव्हेच, प्रवेशद्वाराला आधार देणाऱ्या स्त्रीस्तंभाची आहे. विद्वानांचे बरोबर असेल. त्या शेतकऱ्यांनी बंदीनंतर चौदाशे वर्षांनीही दिवा कोणापुढे लावला, हे मात्र संग्रहालयाच्या पाटीने ठरत नाही.

ही हकीकत लक्षात ठेवून आता किशोरांसाठी सध्या लिहिल्या जाणाऱ्या पर्सेफनीकडे पाहावे. २०११ साली एमी कार्टर यांची 'द गॉडेस टेस्ट' आणि मेग कॅबट यांची 'अबँडन' ही दोन्ही पुस्तके आली. २०१८पासून रेचेल स्माइद यांची 'लोअर ऑलिंपस' ही चित्रकथा जगभर वाचली गेली. प्रत्येकीचे कथानक वेगळे, परंतु साचा ओळखीचा आहे. हेडीस हा एकाकी, देखणा, गैरसमजाचा बळी ठरलेला प्रियकर, आणि पर्सेफनी ही त्याच्याकडे ओढली जाणारी तरुणी. 'लोअर ऑलिंपस'मध्ये तर डिमीटर ही मुलीला जखडून ठेवणारी, जाचक आई झाली आहे. स्त्रीला स्वतःची इच्छा दिली, असे याचे समर्थन केले जाते. इच्छा दिली, ते ठीक. पण कोणाच्या बदल्यात? जुन्या कथेत पळवून नेलेल्या मुलीचा आक्रोश होता, आणि तिच्यासाठी सगळी देवसभा वेठीस धरणारी आई होती. बापाने परस्पर संमती देऊन टाकलेल्या लग्नाविरुद्ध एका आईने पुकारलेला तो असहकार होता. स्त्रीमुक्तीच्या नावाने त्यातून नेमकी तीच बाई अडगळीत जावी, आणि पळवून नेणारा नायक ठरावा, हा न्याय अजब आहे!

रायर्डन यांच्या मालिकेत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे हसण्याच्या भरात दुर्लक्ष होते. ऑलिंपस न्यूयॉर्कला का? कायरनचे उत्तर असे, की पाश्चात्त्य संस्कृतीची ज्योत जेथे तेजाने जळते तेथे देव राहायला जातात. ग्रीस, मग रोम, मग जर्मनी, फ्रान्स, स्पेन, इंग्लंड असे मुक्काम करीत ते आता अमेरिकेत आले आहेत. युरोपातील साम्राज्यांनी आपापल्या सत्तेला मान्यता मिळविण्यासाठी मध्ययुगापासून वापरलेला हा जुनाच सिद्धान्त आहे. त्याचा सरळ अर्थ असा, की ग्रीसमध्ये आता काही नाही. ज्यांच्या मातीतून हे देव आले, ते लोक वारसदार नाहीत. वारसदार ते, ज्यांच्याकडे सत्ता. दुसरे महायुद्धही या पुस्तकात झ्यूस व पोसायडन यांची मुले विरुद्ध हेडीसची मुले यांचे भांडण ठरते. त्याच युद्धात १९४१ ते १९४४ ग्रीस जर्मन टाचेखाली होता, आणि १९४१-४२च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर हजारो माणसे भुकेने मेली. त्यांचे देव त्या वेळी, कादंबरीच्या हिशेबाने, न्यूयॉर्कला राहायला गेलेले होते.

ग्रीकांना हे सलत नाही असे कोणी समजू नये. १९९७ साली डिस्नेच्या 'हर्क्युलिस' या व्यंगपटात हेरा ही त्या वीराची प्रेमळ आई म्हणून दाखविली गेली. मूळ कथेत ती त्याची जन्मभराची वैरीण, आणि त्याची आई अल्कमीनी. त्या चित्रपटाचा पहिला खेळ अथेन्समधील प्निक्स टेकडीवर, म्हणजे जेथे प्राचीन नागरिकांची सभा भरत असे तेथे करण्याचा कंपनीचा बेत होता. ग्रीक वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठविली आणि सरकारने परवानगी नाकारली. त्याच सुमारास जुन्या देवांची उपासना पुन्हा सुरू करू पाहणारे लोक ग्रीसमध्ये संघटित होऊ लागले होते. २००६ साली अथेन्सच्या न्यायालयाने त्यांना दिलासा दिला, २००७च्या जानेवारीत त्यांनी अथेन्समधील झ्यूसच्या भग्न मंदिरापाशी प्रार्थना केली, आणि २०१७ साली ग्रीक शासनाने या उपासनेला मान्यता दिली. संख्येने ते मूठभर आहेत, तेथील चर्चने त्यांची हेटाळणी केली आहे. परंतु झ्यूसच्या बाजूने विचारणारे कोणीच नाही, हा हिशेब त्यांनी चुकविला.

हिंदू वाचकाने हे सारे दुरून पाहण्याचे कारण २०१८ सालीच संपले. त्या वर्षी रायर्डन यांच्या नावाने डिस्नेने नवी ग्रंथमाला सुरू केली. निरनिराळ्या संस्कृतींच्या कथा त्या त्या संस्कृतीतील लेखकांनी लिहाव्यात, असे तिचे सूत्र. रायर्डन यांनी हे काम स्वतः न करता त्या समाजांतील लेखकांकडे सोपविले, हे त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे. पण या मालेतील पहिले पुस्तक कोणते? 'आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम', लेखिका रोशनी चोक्शी. पाच भागांची ही मालिका २०२२ साली पूर्ण झाली. अटलांटातील बारा वर्षांची आरू ही अर्जुनाचा आत्मा घेऊन जन्मलेली, तिचा दिव्य पिता इंद्र. तिची सखी मिनी ही युधिष्ठिराचा अंश. पांडव मुलींच्या रूपाने अवतरले आहेत. लेखिका पितृकुळाकडून गुजराती, या कथा तिने घरात ऐकलेल्या, आणि तिच्या लिखाणात आपुलकी जाणवते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील मराठी घरांत वाढणाऱ्या मुलीला पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आपल्यासारखी दिसणारी मुलगी पाहून किती आनंद होत असेल, हे समजण्यासारखे आहे.

तरीही साचा तोच आहे, ऑलिंपसवर घासूनपुसून तयार झालेला. देव म्हणजे दूर राहिलेला पालक, पुराण म्हणजे शक्ती आणि शस्त्रांची यादी, आणि सगळ्याला शाळकरी विनोदाची फोडणी. फरक एवढाच, की हा साचा तयार झाला तो ज्यांच्यापुढे दिवा लावणारे शतकांपूर्वी दंडुक्याने हटविले गेले त्या देवांवर. हनुमान त्या रांगेत बसत नाही. दर शनिवारी त्याला तेल वाहिले जाते, गावोगाव वेशीवर तो उभा आहे, मारुतिस्तोत्र पाठ नसलेले मराठी घर परवापरवापर्यंत सापडत नव्हते. कायरनने ईश्वराला जे कुंपण दिले, ते त्याला कोण देणार? प्रकाशक देणार नाही, त्याचा तो व्यवसायच नाही. ज्या घरात मुलाने हनुमान प्रथम आजीच्या तोंडून ऐकला असेल, तेथे आरू शाह खुशाल वाचली जावी. ते मूल सलगीने हसेल आणि पुस्तक मिटून ठेवील. ज्या घरात हनुमानाची पहिली भेटच त्या पुस्तकात होते, तेथे आजीची जागा प्रकाशकाने घेतलेली असते, आणि पुढची गोष्ट कोणती सांगायची हेही तोच ठरवितो.

आरूच्या कथेची सुरुवात एका दिव्याने होते. तिची आई अटलांटातील भारतीय कलावस्तूंच्या संग्रहालयात काम करते. तेथे काचेआड, पाटी लावून ठेवलेला एक शापित प्राचीन दिवा आहे. तो कधीही लावायचा नाही, असे तिला बजावलेले असते. वर्गसोबत्यांपुढे बढाई मारण्याच्या भरात ती तो लावते, अनर्थ सुटतो, जगाचा काळ थांबतो. त्याच अटलांटाच्या लिलबर्न या उपनगरात २००७ साली बांधलेले स्वामिनारायण मंदिर आहे. तेथे रोज आरती होते, मुले निरांजनावरून हात फिरवून डोळ्यांना लावतात आणि कोणाचेही घड्याळ थांबत नाही.